चकवा : अनोळखी जागीं मन कां बिचकतें?

एखाद्या नव्या गांवीं दिवेलागणीच्या सुमारास आपण प्रथमच उतरतों. घर चांगलें असतें, यजमान भले असतात, ताटांत वाढलेलें अन्नहि ओळखीचेंच असतें. तरी मन कांहीं ठिकाणावर येत नाहीं. भिंतीवरील सावल्या निराळ्याच लांबीच्या भासतात, खिडकी नको त्या बाजूस आहे असें वाटतें, मागील दारीं कोणी नुसतें भांडें ठेवलें तरी मान चटकन तिकडे वळते. भ्यावें असें कांहीं घडलेलें नसतें, आणि आपण बिचकलों आहों असें कोणापाशीं बोलण्याचीहि सोय नसते. सकाळीं उजाडलें कीं तीच जागा साधी, स्वच्छ दिसूं लागते व रात्रीं जें वाटलें तें आपण विसरूनहि जातों. विसरून जाण्याइतकी ही गोष्ट क्षुल्लक आहे काय, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भाषेनें या मनःस्थितीला एकच नांव न देतां अनेक शब्दांनीं तिला वेढलें आहे. घर 'ओकेंबोकें' वाटतें, माळ 'भकास' दिसतो, रिकामा वाडा 'खायला उठतो', सायंकाळची 'कातरवेळ' होते, नवें माणूस 'बावरतें', 'बिचकतें'. वाघ समोर आला असतां जें वाटतें त्याला यांतील एकहि शब्द आपण लावीत नाहीं. वाघाचें भय हें उघड भय होय. येथें भयाला तोंड नसतें. जर्मन भाषेंत या भावनेसाठीं जो शब्द रूढ आहे, 'उनहाइमलिख', त्याच्या पोटांत 'घर' हाच शब्द बसलेला आहे. जें घरचें नव्हे तें, असा त्याचा मूळ अर्थ. एर्न्स्ट येंच या वैद्यानें १९०६ सालीं या भावनेवर एक निबंध लिहिला व ती बुद्धीच्या अनिश्चिततेंतून उपजते असें मत मांडलें; भोंवतालच्या परिस्थितीची ज्याला जितकी चांगली माहिती, तितकी ही भावना त्याला कमी पछाडते. पुढें १९१९ सालीं व्हिएन्ना येथील सुप्रसिद्ध सिग्मंड फ्रॉइड यानें याच विषयावर लिहून येंचचें मत अपुरें ठरविलें. केवळ नवेपणानें मन असें बिचकत नाहीं. कधीं काळीं अगदीं ओळखीचें असलेलें व पुढें मनाच्या तळाशीं दडपलें गेलेलें कांहीं तरी अनपेक्षितपणें वर येतें, तेव्हां तें बिचकतें, असें त्याचें म्हणणें.

या दोघांचा वाद मिटविण्याचें आम्हांस कारण नाहीं. त्या वादापूर्वीं कित्येक शतकें आपल्या आचार्यांनीं या भावनेची जागा कोठें नेमली होती, तें आधीं पाहूं.

भयानक आणि अद्भुत

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भयानक रसाचीं कारणें सांगितलीं आहेत. विचित्र आवाज, पिशाचादिकांचें दर्शन, कोल्ह्यांची व घुबडांची ओरड यांच्याच पंक्तीला तेथें ओस पडलेलें घर आणि अरण्य हीं दोन स्थळें बसविलेलीं आहेत. ओस घर कोणाला चावत नाहीं. तरी त्याची गणना भयाच्या कारणांत झाली, यांत मोठें मर्म आहे. त्याच ग्रंथांत अद्भुत हा वेगळा रस मानून त्याचा वर्ण पिवळा व देवता ब्रह्मा सांगितली आहे. भयानकाचा वर्ण काळा व देवता काल. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशीं अपरिचित वस्तूच असते. वेरूळचें कैलास लेणें दिवसाढवळ्या चार मंडळींत पाहणारास अद्भुत वाटतें. अमावास्येच्या रात्रीं तेथें एकटें राहण्याचा प्रसंग आला तर त्याच खांबांच्या रांगा त्याला भयानक वाटतील. दगड तेच; उजेड आणि सोबत एवढींच काय तीं बदललीं.

वेदान्तांतील दोरी-सापाचा दृष्टांत वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यांतील एका बारीक गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. लख्ख उजेडांत दोरी ही दोरीच दिसते. पूर्ण काळोखांत ती दिसतच नाहीं. साप दिसतो तो मंद अंधारांत. म्हणजे जेथें कांहींच कळत नाहीं तेथें भ्रम नाहीं, आणि जेथें सर्व कळतें तेथेंहि नाहीं. अर्धवट कळतें तेथेंच मन उरलेला भाग आपल्या पदरचा घालून चित्र पुरें करतें. नव्या जागीं पहिल्या रात्रीं आपली नेमकी हीच स्थिति होते. दार आहे हें कळतें, त्यापलीकडे काय आहे तें कळत नाहीं. आवाज ऐकूं येतो, कशाचा तें उमगत नाहीं.

बृहदारण्यकोपनिषदाच्या पहिल्या अध्यायांत एक मार्मिक कथा आहे. सृष्टीच्या आरंभीं एकटाच असलेला तो आदिपुरुष भ्याला. मग त्यानें विचार केला कीं, आपल्यावांचून दुसरें कोणी नाहींच, तर आपण भ्यावें कोणाला? आणि त्याचें भय गेलें. भय हें दुसऱ्यापासून उपजतें, असा निष्कर्ष उपनिषदानें तेथें काढला आहे. ज्ञान्याला 'दुसरा' हा भावच नाहींसा करतां येत असेल. आपणां संसारी माणसांस तें साधणारें नव्हे. पण दुसऱ्याला ओळखीचा करून घेणें हें मात्र आपल्या हातचें आहे. आमच्या मतें या विषयांतील व्यवहारोपयोगी सार एवढेंच, आणि पुढील उदाहरणें त्याच्याच पुष्ट्यर्थ दिलीं आहेत.

जालन्याच्या शिवारांतील चकवा

आमचें बरेंच आयुष्य जालन्याच्या परिसरांतील शाळांत गेलें. औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके मिळून १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस अजिंठ्याच्या रांगा, दक्षिण सीमेवर गोदावरी, मध्यें पूर्णा आणि दुधना. आणि त्यांच्या दरम्यान कोसच्या कोस पसरलेलें काळें रान. एक बांध दुसऱ्या बांधासारखा, एक बाभूळ दुसरीसारखी. ज्वारी कणसावर आली कीं ती पुरुषभर उंचीच्याहि वर जाते, आणि पाऊलवाटेनें चालणारास आभाळाच्या पट्टीखेरीज कांहीं दिसत नाहीं. अशा रानांत, जन्मभर पायाखालच्या वाटेवर, शेतकऱ्यास 'चकवा' लागतो. शेतावरून घरीं निघालेला माणूस तास-दोन तास चालतो आणि पुन्हां त्याच बाभळीपाशीं येऊन उभा राहतो. गांवचे दिवे डाव्या हातास हवेत ते उजव्या हातास दिसतात, किंवा दिसतच नाहींत. मग त्याचें काळीज धडधडूं लागतें व आपणांस कोणी तरी फिरवीत आहे अशी त्याची खात्री होते. जुनीं माणसें यावर उपाय सांगतात : अंगरखा उलटा करून घालावा, किंवा आहे तेथेंच खालीं बसावें व उजाडेपर्यंत हलूं नये.

सुशिक्षित माणूस हें ऐकून हंसतो व खेडुतानें ताडी घेतली असेल असें म्हणून मोकळा होतो. तें हंसणें चुकीचें आहे, कारण चकवा ही गोष्ट खरी आहे. खोटें आहे तें तिचें कारण. यान सौमान या संशोधकानें आपल्या सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा प्रयोगानें छडा लावून २००९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जर्मनींतील एका मोठ्या सपाट जंगलांत सहा जणांस त्यांनीं नाकासमोर सरळ चालत राहण्यास सांगितलें व त्यांचा माग यंत्रानें टिपला. आभाळ झांकोळलेलें असतां चाललेले चौघेहि वर्तुळांत फिरले व त्यांतील तिघांनीं आपणच मागें टाकलेली वाट पुन्हां ओलांडली, तरी त्यांना त्याची जाणीव नव्हती. सूर्य दिसत असतां चाललेले दोघे जवळजवळ सरळ गेले. ट्यूनिसियाच्या वाळवंटांत एकास पौर्णिमेच्या चांदण्यांत चालविलें. चंद्र ढगाआड जाईपर्यंत तो सरळ चालला, आणि चंद्र लपतांच वळत वळत आला त्याच दिशेला परतला. डोळे बांधून चालणाऱ्यांचीं वर्तुळें तर कधीं कधीं वीस मीटर व्यासाइतकीं लहान पडलीं.

एक पाय दुसऱ्याहून आखूड असल्यानें असें होतें, ही समजूत या प्रयोगांत टिकली नाहीं. 'सरळ' कोणतें याचा मनांतील अंदाज प्रत्येक पावलागणिक किंचित् चुकतो, चुका सांचत जातात, आणि दूरची एखादी ठाम खूण दृष्टीस पडून तो अंदाज दुरुस्त होत नाहीं तोंवर माणूस भोंवऱ्यासारखा फिरत राहतो. ज्वारीच्या रानांत, अमावास्येस, ढगाळ रात्रीं नेमकी हीच खूण हिरावली जाते. फ्रॉइडनेंहि आपल्या निबंधांत असाच अनुभव नमूद केला आहे : इटलींतील एका लहान गांवीं भर दुपारीं फिरत असतां, ज्या गल्लींतून निघून जाण्याची त्यास घाई झाली होती त्याच गल्लींत तो तीन वेळां येऊन ठेपला, आणि त्या पुनरागमनानें त्याचें मन चमत्कारिक रीतीनें अस्वस्थ झालें. व्हिएन्नाच्या पंडिताला लागला तो आणि भोकरदनच्या शेतकऱ्यास लागतो तो चकवा एकच.

आणि जुन्या माणसांचा दुसरा उपाय पाहा. 'खालीं बसावें, उजाडेपर्यंत हलूं नये.' चुका सांचविणें थांबवावें व खूण दिसेपर्यंत धीर धरावा, याहून शास्त्रशुद्ध सल्ला कोणता द्यावयाचा? अंगरखा उलटा करण्यासाठींहि माणसाला थांबावेंच लागतें. तेवढ्यांत श्वास ताळ्यावर येतो. वाडवडिलांनीं कारण चुकीचें सांगितलें म्हणून त्यांचा अनुभव टाकून देऊं नये, हा धडा येथें आपोआप मिळतो.

असईचा उतार

अनोळखी मुलखांत ओळखीच्या गोष्टीवरून अनुमान बांधणें ही दुसरी विद्या. तिचें एक नामांकित उदाहरण याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, असई येथें घडलें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याशीं इंग्रजांची जी लढाई तेथें झाली, तिचें नेतृत्व आर्थर वेलस्ली या चौतीस वर्षांच्या सेनापतीकडे होतें. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला. मराठ्यांचें सैन्य केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत होतें. मुलूख त्याला परका, दिवस पावसाळ्याच्या अखेरचे, आणि वाटाड्ये एकमुखानें सांगत होते कीं, नदीला जवळपास दुसरा उतार नाहीं. वेलस्लीनें दुर्बिणीतून पाहिलें तों नदीच्या दोन काठांवर दोन गांवें समोरासमोर वसलेलीं दिसलीं, पिंपळगांव आणि वरूड. त्यानें एवढाच तर्क केला कीं, दोन गांवें इतकीं जवळ, समोरासमोर वसतात तीं एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्यावांचून नव्हे. त्यानें तेथें शोध करविला, उतार मिळाला, आणि फौज पलीकडे गेली. त्या तर्कानें आपल्या पक्षाचें काय झालें तें सर्वांस ठाऊकच आहे. तें दुःख बाजूस ठेवूनहि त्या तर्काची सरळता मान्य करावी लागते. त्याला जालन्याची माहिती नव्हती, पण गांव म्हणजे काय, शेजार म्हणजे काय याची होती. परक्या मुलखांत त्यानें ओळखीची एक गोष्ट हुडकली व तिचें बोट धरलें.

याच माणसाची त्याच दिवसाची रात्र मात्र निराळी होती. लढाईंत त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक ठार व जखमी झाले होते. त्या रात्रीं जेव्हां जेव्हां जाग आली, तेव्हां तेव्हां आपले सर्व मित्र गेले आहेत अशी कांहीं तरी अस्पष्ट अनर्थाची जाणीव आपल्याला घेरीत होती, आणि सकाळीं एकेकाची चौकशी करीपर्यंत ती हटली नाहीं, असें त्यानें पुढें वृद्धपणीं सांगितल्याचें नमूद आहे. दिवसा दुर्बीण हातीं असतां जें मन इतकें निश्चल होतें, तेंच रात्रीं परक्या मातीवर असें चळलें. म्हणून नव्या जागीं रात्रीं बिचकणाऱ्यास कोणी भित्रा म्हणूं नये. आणि त्याची जाणीव गेली ती कशानें, हेंहि लक्षांत ठेवावें : एकेकाचें नांव घेऊन विचारल्यानें.

पहिली रात्र

मन असें कां वागतें, याचा थोडाफार उलगडा अलीकडील मेंदुशास्त्रानें केला आहे. उंदीर एखाद्या ठराविक जागीं आला कीं त्याच्या मेंदूंतील ठराविक पेशी जाग्या होतात, हें जॉन ओकीफ यांनीं १९७१ सालीं दाखविलें. मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या नॉर्वेंतील दांपत्यानें २००५ सालीं त्याला जोड देणाऱ्या, जागेची जणूं चौकटच आंखणाऱ्या दुसऱ्या पेशी शोधून काढल्या. २०१४ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळालें. म्हणजे 'घर' हें विटामातीचें तसें मेंदूंतहि बांधलेलें असतें. नव्या जागीं तें बांधकाम पुरें व्हावयाचें असतें.

झोपेविषयीं तर याहून मौजेची गोष्ट आढळली. नव्या ठिकाणीं पहिल्या रात्रीं झोप लागत नाहीं, हा सार्वत्रिक अनुभव. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत मासाको तामाकी, युका सासाकी व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अशा पहिल्या रात्रीं मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्या भागाइतका गाढ झोपत नाहीं. तो अर्धवट पहारा करतो, आणि अपरिचित आवाजानें चटकन जागा होतो. कांहीं दिवसांनीं तींच माणसें त्याच जागीं पुन्हां झोपलीं तेव्हां हा भेद उरला नव्हता. कांहीं पक्षी व समुद्रांतील डॉल्फिन अर्ध्या मेंदूनें जागे राहून झोप घेतात, हें पूर्वीपासून माहीत होतें. माणसाच्या ठायींहि त्या जुन्या पहारेकऱ्याचा अंश शिल्लक आहे असें दिसतें. तेव्हां सासरीं पहिल्या रात्रीं टक्क जागी असलेली सून, किंवा वसतिगृहांत पांघरुणांत डोकें खुपसून रडणारा मुलगा यांचा पहारेकरी आपलें काम चोख बजावीत असतो, एवढेंच.

या जिल्ह्यांतील एका खेड्यांत आमच्याबरोबर एक तरुण शिक्षक नव्यानें रुजू झाले होते. गांवांत खोली मिळेपर्यंत ते शाळेच्याच एका खोलींत राहत. 'ती खोली चांगली नाहीं' असें कोणीसें त्यांच्या कानावर घातलें होतेंच. तिसऱ्या दिवशीं त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. रात्रीं कोणी तरी लोखंडावर टक् टक् असें थांबून थांबून वाजवितें, दार उघडलें तर कोणी नसतें, म्हणाले. बदलीचा अर्ज करण्यापर्यंत मजल गेली. आमच्या शाळेचा शिपाई वयानें मोठा व अल्पभाषी होता. त्यानें कांहीं उपदेश केला नाहीं. त्या रात्रीं तो आपलें अंथरूण घेऊन त्यांच्या सोबतीस गेला. वारा सुटला, आवाज सुरू झाला, तसा तो म्हणाला, 'गुरुजी, चला जरा,' आणि त्यांना हाताला धरून अंगणांत घेऊन गेला. झेंड्याच्या लोखंडी खांबावर त्याचीच दोरी वाऱ्यानें आपटत होती. शिपायानें ती आवळून बांधली. मग मात्र गुरुजींनीं ती पुन्हां सैल करावयास लावली, व पुढें कित्येक महिने त्या आवाजावर ते सुखानें झोपले. दोरीचा साप होतो हें आम्ही शिकवीत असूं. सापाची दोरी कशी करावी हें त्या शिपायाला ठाऊक होतें. अंधारांत एकट्याला पाठवून तें होत नाहीं, सोबत जावें लागतें.

बाधा कीं परकेपणा?

हें सर्व न ओळखल्यानें घरोघर अनर्थ होतात. नवी सून तिन्हीसांजा दचकते, जेवत नाहीं, रात्रीं ओरडते; लगेच तिला 'बाहेरचें' झालें असें ठरतें. वस्तुतः तिला बाहेरचें झालेलें नसतें, तीच बाहेरची झालेली असते, आणि तिला आंत घेण्याचें काम अपुरें राहिलेलें असतें. अशा वेळीं देवऋष्याकडे नेऊन अंगारेधुपारे, मारझोड करणें हा आतां कायद्यानेंहि गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास त्यांची हत्या झाल्यावर, त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. परंतु सुशिक्षित घरांतून ही गोष्ट मारझोडीनें नव्हे तर टोमण्यांनीं होते. 'एवढें काय भ्यायचें?' या तीन शब्दांनीं माणूस आणखीच एकटें पडतें.

वृद्धांचीहि हीच कथा. मुलगा पुण्यास किंवा परदेशीं असतो, वाडा विकला जातो, आणि सत्तरीच्या पुढचे आईवडील सातव्या मजल्यावर आणून ठेवले जातात. सुखाची सोय सर्व असते. पण रात्रीं उठल्यावर पाय सवयीनें डावीकडे वळतात आणि तेथें भिंत असते. स्मृतिभ्रंश झालेल्या कित्येक वृद्धांच्या मुखीं तर सायंकाळीं, स्वतःच्याच घरांत बसून, 'मला घरीं जाऊं द्या' हें वाक्य येतें. त्यांच्याशीं वाद घालून उपयोग नाहीं. त्यांच्या हातांत ओळखीची वस्तु द्यावी, ओळखीचें स्तोत्र म्हणावें.

आणि आपण दुसऱ्याला परके वाटतों, तसा दुसराहि आपणांस परका वाटतो. तेव्हां ही भावना केवळ झोप घालवून थांबत नाहीं. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस, हीं मुलें पळविणारी टोळी आहे अशा अफवेवरून जमावानें ठार मारलें. त्यांचा वेष व भाषा त्या गांवाला अपरिचित, एवढेंच निमित्त होतें. अर्ध्या उजेडांत दोरीचा साप होतो, आणि साप म्हणून जी काठी उगारली जाते ती माणसाच्या डोक्यांत बसते.

जालन्यापुरतें बोलावयाचें तर ८ मे २०२० हा दिवस आम्हांस विसरतां येत नाहीं. करोनाच्या साथीमुळें सर्व व्यवहार बंद होते. येथील पोलादाच्या कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशांतील वीस मजूर गांवाकडची गाडी मिळेल या आशेनें भुसावळच्या दिशेनें पायीं निघाले. रात्रभर चालून ते करमाडजवळ रुळांवरच विसावले. पहाटे आलेल्या मालगाडीखालीं त्यांतील सोळा जण मृत्यु पावले. इतक्या दिवसांच्या त्या विलक्षण शांततेंत गाडी येईल असें त्यांना वाटलें नव्हतें. पुष्कळ लोकांनीं तेव्हां विचारलें, 'रुळावर कोणी झोपतें काय?' आम्हांस वाटतें, प्रश्न असा विचारावयास हवा होता : परक्या जिल्ह्यांत, रात्रीं, वाट न चुकतां सरळ नेणारी त्यांच्या ओळखीची दुसरी कोणती खूण होती? रूळ हीच त्यांची एकमेव खूण. ते आपल्या गांवांत राहत होते, आपल्या घरांचें पोलाद ओतीत होते. पण त्यांना येथील वाटा, येथील माणसें आणि कोणाचें दार ठोठवावें हें आपण सांगितलें नव्हतें.

घराचें कर्तव्य

एवंच परकेपणा घालविणें हें नव्या माणसाचें काम नव्हे. जो त्या जागीं रुळलेला आहे त्याचें तें काम आहे. हें काम फार खर्चाचें नाहीं. नवें माणूस घरीं आलें कीं अंधार पडण्यापूर्वीं त्याला सारें घर दाखवावें : दिव्याचें बटण कोठें, मागील दार कोठें उघडतें, पाणी कोठें. घराचे आवाज त्याला आधींच सांगून ठेवावे. रात्रीं दोन वाजतां पंप सुरू होतो, वाऱ्यानें पत्रा वाजतो, शेजारचे आजोबा खोकतात. त्याला एक खुंटी, एक फळी, एक कोपरा त्याचाच म्हणून द्यावा. दुसऱ्याच दिवसापासून एखादें लहानसें काम सोंपवावें, कारण जेथें आपलें काम असतें ती जागा लवकर आपली होते. पहिले आठ दिवस तिन्हीसांजा त्याला एकटें सोडूं नये. वसतिगृहांत जाणाऱ्या मुलाच्या पेटींत नवी कोरी चादर न घालतां घरची वापरलेली चादर घालावी. तिचा वास हीच त्याची खूण. इतकें करूनहि महिना-दोन महिन्यांत भीति ओसरली नाहीं, किंवा नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, तर मात्र संकोच न धरतां मानसोपचार जाणणाऱ्या डॉक्टरांकडे जावें.

घराबाहेरचेंहि तसेंच. आपल्या गल्लींत भाड्यानें राहावयास आलेला परप्रांतीय कामगार, ऊसतोडीहून परतलेलें कुटुंब, बदलून आलेली नवी शिक्षिका, यांचें नांव विचारावें आणि लक्षांत ठेवावें. ज्याचें नांव आपणांस ठाऊक आहे त्याच्याविषयीं अफवा पसरविणें कठीण जातें.

या जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. सन १६०८ सालीं तेथें जन्मलेला ठोसरांचा नारायण बाराव्या वर्षीं लग्नमंडपांतून निघून नाशिकला गेला, तेथें टाकळीस बारा वर्षें राहिला, आणि पुढें तितकींच वर्षें सर्व देशभर हिंडला, असें परंपरा सांगते. एवढ्या कोवळ्या वयापासून प्रत्येक गांवांत जो परका म्हणून शिरला, त्यानें दासबोधांत आपल्या लोकांस काय सांगावें? गांव लहान असो वा मोठें, भिक्षेच्या निमित्तानें तेथील घरेंच्या घरें पाहावीं आणि लहानथोर माणसें पारखून घ्यावीं, असें त्यांनीं सांगितलें आहे. परक्या गांवांतील भय टाळण्यासाठीं त्या गांवाला वळसा घालावा असें ते म्हणाले नाहींत. आज भिक्षेची झोळी घेऊन कोणी आपल्या दारीं येणार नाहीं. तेव्हां दार उघडून बाहेर जाण्याची पाळी आपलीच आहे.